उपासनासंगीताचे नियोजन : कोणाचे गाणे, कोणाचा रकाना?

शहरांतील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेत गेल्या काही वर्षांत एक बदल झाला आहे. त्याची चर्चा फारशी होत नाही, कारण तो व्यासपीठावर घडत नाही. आठवड्याच्या मधल्या कुठल्यातरी रात्री, मोबाइलच्या पडद्यावर तो घडतो. रविवारी कोणती गीते गायची, कोणत्या पट्टीत गायची, किती मिनिटे गायची, वाजवायला कोणी उभे राहायचे आणि कोणी बाकावर बसून राहायचे, हे सारे आता एका संगणकीय नियोजनपत्रकात ठरते. रविवारी सकाळी मंडळी जमते तेव्हा ठरण्यासारखे काही उरलेले नसते.

या पत्रकाचे वाचन करावे, आणि एखाद्या साहित्यकृतीचे करतो तसे करावे, असे मला बरेच दिवस वाटत होते. पत्रक हीसुद्धा एक संहिता आहे. तिच्यात काय लिहिले आहे हे जितके महत्त्वाचे, तितकेच काय लिहायला जागा ठेवलेली नाही हेही महत्त्वाचे असते. दलित साहित्याने प्रस्थापित समीक्षेला हाच प्रश्न विचारला होता. तुमच्या निकषांत आमचे जगणे बसत नसेल, तर दोष जगण्याचा की निकषांचा? तोच प्रश्न मी येथे एका यंत्राच्या निकषांना आणि ते यंत्र वापरणाऱ्या आम्हा माणसांना विचारतो आहे.

हा चर्चचा घरगुती प्रश्न आहे, त्याचा दलित चळवळीशी काय संबंध, असा आक्षेप कोणी घेईल. संबंध उघड आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली अहमदनगरात (आजचे अहिल्यानगर) कार्य सुरू केले. पुढे नगर आणि मराठवाड्याच्या खेड्यांतील मंडळ्या ज्या माणसांनी भरल्या, ती बहुतांशी महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून आलेली होती. त्यांच्या हाती अक्षर पोचण्याच्या आधी त्यांच्या कंठात गाणे होते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा जवळजवळ हिंदू दलितांपुरताच ठेवला. १९५६ साली तो शीख दलितांना आणि १९९० साली बौद्ध दलितांना मिळाला. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिला. सरकारी रकान्यात त्याची जात नाही, चर्चच्या प्रवचनात त्याची जात नाही, आणि गावाच्या नजरेतून मात्र ती जात नाही. कोरा रकाना माणसाचे काय करतो हे अशा माणसाला शिकवावे लागत नाही.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मंडळीची पेटी वाजवीत. शहरातल्या ज्या मंडळीचा मी आज सभासद आहे, तिच्या संगीत समितीचा काही काळ मी सचिव होतो. समितीतल्या तरुणांनी नियोजनाचे सॉफ्टवेअर आणण्याचा ठराव मांडला तेव्हा मीही हात वर केला होता. तेव्हा पुढे जे लिहितो आहे त्यात मी फिर्यादीही आहे आणि आरोपीही.

या पत्रकात प्रत्येक गीतासाठी काही रकाने असतात. गीताचे नाव, गीतकार, प्रकाशक, परवाना क्रमांक, मूळ पट्टी, दर मिनिटाला किती ठोके, कडव्यांची मांडणी, कालावधी. त्याखाली माणसांची यादी : मुख्य गायक, सहगायक, कीबोर्ड, गिटार, बास, ड्रम्स, ध्वनी, पडदा. ज्याची पाळी त्याच्या मोबाइलवर निरोप जातो. त्याने होकार किंवा नकार कळवायचा. रचना सुटसुटीत आहे आणि तिच्यामागे कोणाचा दुष्ट हेतू नाही, हे मी आधीच नमूद करतो.

आता हंगामाच्या सणाचा प्रसंग सांगतो. त्या रविवारी लोक आपापले पीक, फळे, कोंबडी, अंडी, भोपळा, जे असेल ते घेऊन वेदीपाशी येतात. आमच्या मंडळीत एक वृद्ध मावशी आहेत. बांधकामावर आणि नंतर लोकांच्या घरी धुणीभांडी करून त्यांनी आयुष्य काढले. या सणाला त्या एक गाणे म्हणतात. चाल जात्यावरच्या ओवीची आहे. गाण्याला ठरलेली कडवी नाहीत. जी बाई पुढे येईल तिचे नाव, तिचे माहेर, तिने आणलेली वस्तू मावशी त्या ओवीत गुंफतात, आणि बाकीच्या बाया धृपद धरतात. शेवटची बाई आपल्या जागेवर परतली की गाणे संपते.

त्या वर्षी पत्रकात या गाण्यासमोर चार मिनिटे लिहिली होती. मुलांनी अंदाजाने लिहिली. रकाना कोरा ठेवणे त्यांना गबाळेपणाचे वाटले. चार मिनिटे संपली आणि कीबोर्डवर पुढच्या गीताचे सूर सुरू झाले. ड्रम्स त्यात मिसळले. पडद्यावर पुढच्या गीताचे शब्द आले. मावशींचा आवाज त्याखाली थोडा वेळ ऐकू येत राहिला, मग थांबला. हातात ज्वारीची कणसे आणि टोपल्या घेतलेल्या बाया अजून मधल्या वाटेवर उभ्या होत्या. त्यांची नावे त्या वर्षी गाण्यात आली नाहीत.

कोणी मावशींचा अपमान केला नाही. कोणी त्यांना गप्प बसा म्हटले नाही. उपासना वेळेवर संपली आणि समितीच्या बैठकीत ती व्यवस्थित पार पडल्याची नोंद झाली. ती नोंद माझ्याच अक्षरात आहे. वगळणारा कोणी दिसत नाही आणि तरी माणसे वगळली जातात, हा अनुभव आपल्याला नवा नाही. म्हणून मी ते पत्रक पुन्हा उघडले आणि त्याचा एकेक रकाना वाचायला लागलो.

पहिला रकाना गीतकाराचा. मावशींच्या गाण्यासमोर तेथे 'अज्ञात' असे लिहिले होते. गाणारी बाई समोर बाकावर बसलेली असताना तिला अज्ञात म्हणण्याचे धैर्य या रकान्यात आहे. वस्तुतः आपल्या परंपरेने गीतकाराचे नाव कधी वरच्या चौकटीत ठेवलेच नव्हते. ते गाण्याच्या पोटात ठेवले. 'चोखा म्हणे' ही चोखामेळ्याची नाममुद्रा अभंगाच्या शेवटी येते. आंबेडकरी जलशातले शाहीरही शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफीत. वामनदादा कर्डकांचा 'वामन' आपल्याला तेथेच भेटतो. ज्याला देवळाच्या दारात उभे करीत नव्हते त्या माणसाने आपले नाव अशा ठिकाणी लिहून ठेवले, की गाणे म्हणायचे तर त्याचे नाव तोंडातून काढावेच लागेल. आता वेळ कमी पडतो म्हणून पत्रकात पहिली दोनच कडवी घेतात. शेवटचे कडवे गेले की नावही जाते. वेळ वाचवण्यासाठी कात्री लावणाऱ्याला आपण काय कापले याचा पत्ता नसतो.

दुसरा रकाना पट्टीचा. आमचे पेटीवादक 'काळी दोन', 'पांढरी चार' अशा भाषेत बोलतात. गाणारा कोण आहे हे पाहून ते पट्टी धरतात, आणि गाणारा दमला की मुकाट्याने एक सूर खाली येतात. त्यांच्या लेखी पट्टी गळ्याची असते. पत्रकाच्या लेखी पट्टी गीताची असते, आणि तिला 'मूळ' म्हणतात. हे मूळ कोणाचे? ज्या गायकाच्या आवाजात ते गीत परदेशात ध्वनिमुद्रित झाले त्याचे. त्या उंच पट्टीत आमच्या मंडळीतल्या अर्ध्या लोकांचा आवाज पोचत नाही. ते तोंड मिटून उभे राहतात आणि ऐकतात.

तिसरा रकाना ठोक्यांचा. दर मिनिटाला बहात्तर, किंवा एकशे चोवीस; जो आकडा लिहिला तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत कायम. वादकांच्या कानात त्याच गतीची टिकटिक वाजत असते, म्हणजे कोणी पुढे धावू नये आणि मागे राहू नये. आता आपले भजन आठवा. ते विलंबित लयीत सुरू होते, केरव्याच्या आठ मात्रा हळूहळू आवळत जातात, टाळ चढतात, ढोलकीवाला दुगुनीत जातो आणि शेवटी सारी बैठक एका लयीत डोलू लागते. ही चढती लय म्हणजे त्या गाण्याचा अर्थच आहे. एकटी माणसे तिच्यात समूह होतात. तिचा आकडा कोणता लिहायचा? पहिला लिहिला तर शेवट खोटा ठरतो, शेवटचा लिहिला तर सुरुवात. मुलांनी मधला लिहिला. तेव्हापासून ते भजन कोठेच पोचत नाही.

चौथा रकाना माणसांच्या पदांचा. आमच्या ढोलकीवाल्या काकांसाठी यादीत पद नव्हते. त्यांना 'ड्रम्स : पर्यायी' असे घातले गेले. ड्रम्सवाला मुलगा नियमित येत असल्याने पर्यायाची वेळ येईना. त्यात काकांचा मोबाइल जुना. होकार कळवायचे त्यांना साधेना. पत्रकात त्यांच्या नावापुढे 'उत्तर नाही' असे दिसू लागले. उत्तर न देणाऱ्याला विचारणे हळूहळू थांबते. ज्या माणसाने तीस वर्षे मंडळीचा ताल धरला तो असा, कोणाच्याही निर्णयाशिवाय, बाकावर जाऊन बसला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सॉफ्टवेअरने आम्हाला अडवले नव्हते. त्यात नवे पद तयार करता येते. 'ढोलकी' हा शब्द घालायला दोन मिनिटे पुरतात. कालावधी कोरा ठेवता येतो. ठोके न लिहिता पुढे जाता येते. पट्टी बदलता येते. गीतकाराच्या रकान्यात मावशींचे नाव लिहिता येते. यातले काहीच आम्ही केले नाही. यादी जशी आली तशी आम्ही तिला उपासनेची व्याख्या मानली. त्या यादीत ढोलकी नाही म्हणजे उपासनेत ढोलकी नसते, असे आम्ही न बोलता ठरवले. हे यंत्राचे वर्चस्व म्हणण्यापेक्षा आमच्या मनातल्या जुन्या न्यूनगंडाला यंत्राने दिलेले नीटनेटके रूप म्हणणे अधिक बरोबर होईल.

ही यादी जशी येते तशी का येते, हेही पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेत चर्चमधून गीतांच्या प्रती परवानगीशिवाय काढण्यावरून प्रकाशक आणि चर्च यांच्यात झगडे झाले. शिकागोच्या कॅथलिक धर्मप्रांतावर एका प्रकाशकाने भरलेला खटला गाजला. या पार्श्वभूमीवर १९८८ साली 'ख्रिश्चन कॉपीराइट लायसन्सिंग' ही परवाना देणारी संस्था उभी राहिली. चर्चने उपासनेच्या सरासरी उपस्थितीनुसार शुल्क भरायचे, कोणती गीते वापरली ते कळवायचे, आणि त्या नोंदींच्या आधारे गीतकार-प्रकाशकांना मानधन वाटायचे, अशी तिची रीत आहे. त्याच संस्थेच्या भांडारातून गीताचे शब्द, स्वरलिपी आणि हव्या त्या पट्टीतली प्रत मिळते. २००६ साली 'प्लॅनिंग सेंटर' हे नियोजनाचे सॉफ्टवेअर निघाले. भांडारातले गीत सरळ पत्रकात उतरवता येऊ लागले. गीतकाराला त्याच्या श्रमाचा मोबदला मिळावा हे तत्त्व न्याय्य आहे. आपल्या शाहिरांना तो कधी मिळाला नाही, हे लक्षात घेता आपण तरी त्याला नावे ठेवू नयेत.

परंतु या चक्राची गती पाहा. जे गीत वापरले जाते ते नोंदले जाते. जे नोंदले जाते ते लोकप्रिय गीतांच्या यादीत वर जाते. जे वर दिसते ते पुढच्या आठवड्यात कोणीतरी निवडते. उलट, ज्या गीतावर कोणाचा हक्क उरलेला नाही ते कळवण्याची गरजच नसते. म्हणजे जे फुकट आहे ते मोजले जात नाही. अमेरिका-कॅनडातील काही अभ्यासकांनी २०२३ साली या याद्या तपासल्या. २०१० ते २०२० या काळात अग्रस्थानी पोचलेल्या ३८ गीतांपैकी ३६ गीतांचा संबंध चार मोठ्या चर्चशी होता : सिडनीचे हिलसाँग, कॅलिफोर्नियातले बेथेल, अटलांटाचे पॅशन आणि शार्लटचे एलेव्हेशन. लाखो चर्च आणि चार विहिरी! या पाण्याचे हिंदी-मराठी अनुवाद आमच्याकडे येतात. इंग्रजी शब्दांच्या आघातावर बेतलेल्या चालीत मराठी शब्द कोंबले जातात. ऱ्हस्व अक्षरावर सूर लांबतो आणि दीर्घ अक्षर गिळले जाते. मराठीच्या शिक्षकाला ते कानात खुपते. आपली भाषाच बेंगरूळ आहे असा मुलांचा समज होतो, हे त्याहून वाईट.

निवडीचे आणखी एक कारण मला समितीत बसल्यावर कळले. सिडनीचे गीत एका बोटाने पत्रकात येते : शब्द, पट्टी, ठोके, सारे तयार. मावशींचे गाणे पत्रकात आणायचे तर त्यांच्या घरी जावे लागते, एक संध्याकाळ बसावे लागते, ऐकून लिहावे लागते. नोकरी सांभाळून समितीचे काम करणारा मुलगा कोणते निवडील? त्याच्या आवडीनिवडीला आपण उगाच दोष देतो. त्याच्यापुढे एका बाजूला श्रम आहेत आणि दुसऱ्या बाजूला नाहीत, इतकेच. सांस्कृतिक वर्चस्व बऱ्याचदा असे सोयीच्या पावलांनी येते.

अर्थात, हे सगळे संगणकाने सुरू केले असे मानणे भाबडेपणाचे होईल. छापील गीतपुस्तकालाही रकाने होते. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंग, ओवी, भजन यांची वळणे उपासनेत आणली. अनुवादित इंग्रजी चालींत अडखळणाऱ्या मंडळीला तिची जीभ परत दिली. हे ऋण मी मान्य करतो. कृष्णराव सांगळ्यांसारख्यांच्या पदांचे आणि कीर्तनांचे ऋणही मान्य करतो. तरीही माझ्या आजोबांच्या गीतपुस्तकाची मला आठवण येते. त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर शिसपेन्सिलीने लिहिलेली गाणी होती : आजीची, तिच्या जावेची, शेजारच्या वाडीतल्या कोणा आंधळ्या माणसाची. छापायच्या योग्यतेची नसलेली, पण गायच्या योग्यतेची. आजोबांनी त्या गाण्यांसाठी कोणाची परवानगी मागितली नाही. पुस्तकात कोरी पाने होती. त्यांनी ती वापरली.

म्हणूनच 'हे यंत्र फेकून द्या' असे मी म्हणत नाही. ज्यांच्यापासून पोथी लपवली गेली त्यांनी लेखनसाधनाला नकार द्यायचा नसतो. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला तो छपाईचे साधन ताब्यात घेऊनच. शिवाय पत्रकापूर्वीचा काळ काही समतेचा नव्हता. तेव्हा गीते एका वडिलांच्या खिशातल्या चिठ्ठीवर असत आणि ती चिठ्ठी उपासनेच्या पाच मिनिटे आधी बाहेर येई. त्यांच्या घरच्या मुली गात. वस्तीतून येणाऱ्या मुलींना 'पुढच्या वेळी बघू' असे उत्तर मिळे. पत्रक आल्यावर पाळ्या सर्वांना दिसू लागल्या, आणि दिसू लागल्या म्हणून वस्तीतल्या दोन मुलींनी बैठकीत विचारले, की आमची नावे यात का नाहीत? त्या आज व्यासपीठावर गातात. उघडी नोंद ही दुर्बलाच्या बाजूची गोष्ट आहे. वर्षभराची पत्रके मी एकापुढे एक ठेवली तेव्हाच मला कळले, की आमच्या माणसांनी रचलेली गीते वर्षात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी झाली. खिशातल्या चिठ्ठ्यांनी हा पुरावा मला कधी दिला नसता.

आता एका गंभीर आक्षेपाकडे वळतो. तो बाहेरून येत नाही, आपल्याच माणसांकडून येतो. मी समितीत ढोलकीबरोबर हलगीचेही नाव घेतले तेव्हा एक सुशिक्षित गृहस्थ संतापले. ते म्हणाले, "सर, ती हलगी वाजवता वाजवता माझ्या बापाचं आयुष्य गेलं. गावच्या वरातीपुढं चालायचं आणि पंगतीत उष्टं खायचं. ती मागं टाकायला आम्ही इथं आलो. तुम्ही ती पुन्हा आमच्या गळ्यात बांधता?" त्यांच्या प्रश्नाला 'लोकसंस्कृतीचे जतन' असले पुस्तकी उत्तर देण्याची माझी हिंमत झाली नाही. गावकीची लाचार कामे सोडा, असे बाबासाहेबांनी आपल्याला सांगितले होते. ज्या वाद्याला सक्तीचा वास येतो ते कोणाला नकोसे झाले, तर त्याला संस्कृतीद्रोही म्हणण्याचा अधिकार मला नाही.

तमिळनाडूत हाच प्रश्न पराई या वाद्याबद्दल उभा राहिला. मेलेल्या माणसापुढे पराई वाजवणे हे परैयर जातीचे जन्मजात काम ठरवले गेले होते आणि त्यामुळे ते वाद्यच विटाळाचे झाले. मदुराईच्या धर्मशिक्षण महाविद्यालयात शिकवणारे रेव्हरंड थिओफिलस अप्पावू (१९४० ते २००५) यांनी चर्चच्या उपासनेत गावच्या लोकचाली आणि लोकवाद्ये आणली. त्यांचा विचार असा, की चर्चमध्ये रुजलेले कर्नाटकी आणि पाश्चात्त्य संगीत शिकायला पैसा, फुरसत आणि गुरू लागतो. लोकगीत मात्र ऐकणारा उचलतो, आपल्या गरजेप्रमाणे बदलतो आणि पुढे देतो. जे गाणे गरिबाला बदलता येते ते त्याचे असते. आपल्या महाराष्ट्राचे अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्र धर्मचिंतनाची मांडणी केली, त्यातून पुढे दलित धर्मचिंतन उभे राहिले. निर्मळांनी देवाबद्दलच्या बोलण्यात जो प्रश्न आणला, तो अप्पावूंनी गाण्यात आणला, असे मला वाटते.

या विचाराच्या उजेडात मी त्या गृहस्थांच्या संतापाकडे पाहतो. सक्तीने वाजवलेली हलगी आणि स्वेच्छेने वाजवलेली हलगी यांत फरक आहे. पण तो फरक वाजवणाऱ्यानेच ठरवायचा आहे. समितीने त्याच्यासाठी ठरवला, तर ती नवी गावकी होईल. म्हणून हलगी पत्रकात आणण्याचा आग्रह मी सोडला. ज्या दिवशी त्या गृहस्थांच्या घरचा कोणी मुलगा किंवा मुलगी आपणहून ती हाती घेईल, त्या दिवशी तिच्यासाठी पद तयार असले पाहिजे, एवढाच आग्रह मी ठेवला आहे.

मग करायचे काय? कार्यकर्त्यांसाठी आणि शिक्षकांसाठी काही कामे सांगतो. ती लहान आहेत, पण लेखापेक्षा उपयोगी आहेत. 'ओपनएलपी'सारखी मुक्त सॉफ्टवेअरे विनामूल्य मिळतात. त्यांत आपली गीते आपल्या हाताने भरता येतात. ती युनिकोड देवनागरीत भरावीत. जुन्या फाँटांत टंकलेली कित्येक मराठी गीते आज दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन बसली आहेत, आणि रोमन अक्षरांत लिहिलेली गीते गाणारी मुले आपली बाराखडी विसरत आहेत. 'अज्ञात' हा शब्द वापरू नये. ज्या बाईकडून गाणे मिळाले तिला विचारून तिचे नाव आणि गाव लिहावे. शब्दांबरोबर तिच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण ठेवावे, कारण चढती लय कागदावर उतरत नाही. ते मुद्रण तिच्या संमतीशिवाय कोणत्याही व्यापारी भांडाराला देऊ नये. आणि दर तिमाहीला पत्रकांची गोळाबेरीज मंडळीच्या सभेत मोठ्याने वाचावी : कोणाची गीते झाली, कोण वाजवले, कोणाला विचारलेच नाही.

ही कामे केवळ ख्रिस्ती मंडळ्यांची नाहीत. भीमजयंतीच्या मंचावर तयार ट्रॅक वाजतो आणि ढोलकीवाला खाली उभा राहून तो ऐकतो, तेव्हा तेथेही हाच रकाना असतो. गाण्यांच्या ॲपवर भीमगीत ऐकताना गायकाचे नाव दिसते आणि कवीचे शोधावे लागते, तेव्हाही. धर्म वेगळे झाले तरी आपली गाणी एकाच वस्तीतून निघाली आहेत आणि त्यांना एकाच तऱ्हेने विसरले जात आहे.

गेल्या हंगामाच्या सणाआधी मी मावशींच्या खोलीवर गेलो. दोन संध्याकाळी बसलो. गाणे लिहून घेतले, म्हणजे जेवढे लिहिता येते तेवढे घेतले. कालावधीचा रकाना कोरा ठेवला आणि त्याखाली सूचना लिहिली : शेवटची बाई जागेवर परतेपर्यंत. ढोलकीपुढे काकांचे नाव घातले. त्यांना निरोप द्यायला समितीतला एक मुलगा त्यांच्या घरी जातो. गीतकाराच्या रकान्यात मी मावशींचे नाव लिहायला लागलो तेव्हा त्यांनी हात धरला. "माझं नको. आईचं लिही. तिचंच हाय ते." मी नाव विचारले. त्यांनी सांगितले. हे नाव आजवर कुठल्या कागदावर लिहिले गेले होते का, असे मी विचारले तेव्हा त्या जरा वेळ आठवत राहिल्या आणि म्हणाल्या, "न्हाई बा."

आता ते लिहिले गेले आहे. आपापल्या मंडळीत, वस्तीत, विहारात अशी किती नावे लिहायची राहिली आहेत, ते प्रत्येकाने जाऊन विचारावे. ती सांगणारी माणसे म्हातारी झाली आहेत.